चेहऱ्यावरील फोड आणि घरातील बोल

संवत्सरीची सायंकाळ. प्रतिक्रमणासाठी सारे घर स्थानकात निघालेले असते आणि दहावीतील कन्या मात्र ‘डोके दुखते’ असे सांगून मागे राहते. डोके दुखत नसते. गालावर तीन नवे फोड उमटलेले असतात, आणि स्थानकात भेटणारी प्रत्येक काकी प्रथम त्यांचीच चौकशी करणार, हे तिला ठाऊक असते.

वर्षातील सर्वांत मोठे प्रतिक्रमण एवढ्याशा कारणाने चुकवावे, हे वडीलधाऱ्यांना अनाकलनीय वाटते. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या वयात चेहरा हीच स्वतःची ओळख असते. ‘तोंड नीट धूत नाहीस’, ‘लग्नाच्या फोटोत कसे दिसेल?’ ही वाक्ये मायेपोटीच उच्चारली जातात. ऐकणाऱ्याला मात्र ती दोषारोपासारखी लागतात. भाषासमितीचा पाठ पाठशाळेत शिकविला जातो, पण घरात अशा वेळी तो कुणाच्या स्मरणात राहत नाही.

वास्तविक तारुण्यपीटिकांत मुलांचा दोष नसतो. वयात येताना अँड्रोजन ही संप्रेरके मुलग्यांप्रमाणेच मुलींच्या शरीरातही वाढतात आणि त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. केसांच्या मुळाशी असलेली छिद्रे तेलाने व मृत पेशींनी बुजतात, त्यांत त्वचेवर एरवीही राहणारे जंतू वाढतात आणि दाह होऊन फोड येतो. टोकावरचा काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे. दिवसातून सहा वेळा साबण चोळल्याने त्वचा अधिकच चिडते. सौम्य साबणाने दोनदा धुणे पुरेसे असते.

आहाराविषयी घरोघरी ठाम मते असतात. खाल्लेले तूप थेट तैलग्रंथीत जाऊन बसत नाही. साखर व मैद्याचे पदार्थ अधिक खाण्याशी फोडांचा संबंध दिसतो. दुधाविषयीचा पुरावा तितका पक्का नाही. आयंबिलाच्या ओळीनंतर एखाद्याचा चेहरा उजळलेला दिसला, तर त्यात मिठाई सुटल्याचाही वाटा असू शकेल. मात्र तप हे कर्मनिर्जरेसाठी असते, मुरुमांवरील उपाय म्हणून ते मुलांवर लादू नये.

खरा धोका आहे तो औषधांच्या दुकानातून सहज मागून आणल्या जाणाऱ्या मलमांचा. गोरेपणाच्या आशेने वापरल्या जाणाऱ्या कित्येक मलमांत बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल ही स्टेरॉइडे असतात. आरंभी चेहरा नितळ दिसतो आणि घरातील सर्वांना ते मलम रामबाण वाटते. पुढे त्वचा पातळ व लालसर होते, नवे फोड उठतात, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते. मलम थांबविताच त्रास उफाळतो, म्हणून पुन्हा तेच मलम आणले जाते. केंद्र शासनाने 2018 मध्ये अशी अनेक मलमे ‘अनुसूची एच’मध्ये घातली, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती विकता येत नाहीत. औषधविक्री हा समाजातील अनेक कुटुंबांचा व्यवसाय आहे. ओळखीचे गिऱ्हाईक मुलीसाठी अशी नळी मागते, तेव्हा चिठ्ठी मागणारा दुकानदार त्या दिवशी एक विक्री गमावतो, पण एक चेहरा वाचवितो.

सौम्य विकारावर बेंझॉईल पेरॉक्साइड व अडॅपॅलीन यांसारखी लावण्याची औषधे उपयोगी पडतात. (पहिल्याने टॉवेल व उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरात हे आधी सांगितलेले बरे.) गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात, आणि अनेक मुले त्याआधीच औषध सोडून देतात. तीव्र विकारात आयसोट्रेटिनॉइन दिले जाते. ते गर्भाला अत्यंत घातक असल्याने केवळ तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते. शिवाय त्याची कॅप्सूल बहुधा प्राणिजन्य जिलेटिनची असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी संकोच न करता डॉक्टरांना तसे सांगावे, म्हणजे अन्य मार्गाचा विचार करता येतो. चिठ्ठी घेऊन घरी यायचे आणि औषध मुकाट्याने कपाटात ठेवायचे, यात मुलाचेच नुकसान आहे.

त्वचेत खोलवर कठीण, दुखऱ्या गाठी होत असतील तर विलंब करू नये, कारण त्यांचे व्रण कायमचे राहतात. आणि मुलगा वा मुलगी समारंभ टाळू लागली, शाळेला दांडी मारू लागली, गप्प राहू लागली, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. उपचार किती तीव्र हवा हे ठरविताना ते फोडांच्या संख्येइतकेच या गोष्टींनाही महत्त्व देतात.