सुट्या भागांची मालकी

उन्हाळा लागला की उजनीचे पाणी मागे सरू लागते. इंदापूर तालुक्याच्या पळसदेव-भिगवण पट्ट्यातील शेतकऱ्याला मग त्याच्या पाठोपाठ पाइप वाढवीत जावे लागते. विजेची तार तितक्या वेगाने पुढे सरकत नाही. सरकली तरी वीज ठरावीक तासांची आणि पुष्कळदा रात्रीची. अशा वेळी गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडून राहिलेल्या जुन्या ऑइल इंजिनाची आठवण होते. उभा ऊस त्या इंजिनाच्या भरवशावर असतो.

वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनाचा पिस्टन लायनरमध्ये घट्ट धरलेला असतो. हातोडा चालविण्याची घाई केली तर लायनरला तडा जातो. म्हणून जाणता मिस्त्री सिलिंडरमध्ये डिझेल ओतून तीन-चार दिवस स्वस्थ बसतो आणि मग फ्लायव्हील मागेपुढे झुलवून पिस्टन सोडवितो. त्यानंतर रिंगा, लायनरची झीज, नोझलचा फवारा अशी एकेक तपासणी होते. बुश गनमेटलचा ओतून लेथवर कातता येतो, पॅकिंग पत्र्यातून कापता येते, क्रँक घासून कमी मापाचे बेअरिंग बसविता येते. परंतु डिझेल पंपाचा प्लंजर आणि त्याची नळी ही जोडी केसाच्या जाडीहून कितीतरी सूक्ष्म अंतराने एकमेकींत बसविलेली असते. ती गावच्या लेथवर होत नाही. येथे मिस्त्रीचे कौशल्य संपते आणि अर्थशास्त्र सुरू होते.

इंजिन लिस्टर पद्धतीचे असेल तर फारशी चिंता नसते. १९२९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये निघालेल्या या संथ गतीच्या इंजिनाच्या प्रतिकृती राजकोटच्या लहान कारखान्यांनी इतक्या संख्येने काढल्या की त्याचा आराखडा व्यवहारात सार्वजनिक मालमत्ताच झाला. मूळ कंपनीने उत्पादन थांबविले तरी सुटे भाग मिळत राहिले. उलट, आराखडा एकाच कारखान्याच्या कपाटात आहे आणि कारखान्याने ते मॉडेल बंद केले आहे, अशा इंजिनाचे नशीब तळहातावर मावणाऱ्या एका भागासाठी भंगाराच्या काट्यावर ठरते. लोखंड दोन्हींचे सारखेच असते. फरक मालकीचा आहे. शेतकऱ्याने यंत्राचे पैसे पुरते मोजलेले असतात, पण ते जिवंत ठेवण्याचा अधिकार विक्रेत्याकडेच राहिलेला असतो.

याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला अंतराळ कार्यक्रमासाठी रॉकेटच्या मोटारींची आवरणे तयार होतात. शेजारच्या बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तीनचाकी वाहने बनतात. तेव्हा प्रश्न तांत्रिक कुवतीचा नाही. जुन्या यंत्राच्या सुट्या भागात नफा थोडा, नव्या यंत्रात अधिक, एवढेच त्याचे गणित आहे. मोटारींच्या बाबतीत हे गणित एकदा उघडे पडले होते. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांपासून रोखल्याबद्दल २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत शेती अवजारांचा समावेशही केला. पाठोपाठ एक संकेतस्थळ निघाले. बंधनकारक कायद्याचा पत्ता नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने मात्र २०२३ मध्ये खास शेती यंत्रांसाठी असा कायदा केला.

जुने ते सारे राखावे असा याचा अर्थ नव्हे. ही इंजिने धूर ओकतात, आणि डिझेलच्या आजच्या भावात लहान शेतकऱ्याला ती परवडतही नाहीत. त्यांच्या जागी सौर पंप येत आहेत हे स्वागतार्हच आहे. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची, राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ ची; सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने दहा टक्के भरावयाचे, उरलेला भार मुख्यतः अनुदानाचा. दुरुस्तीची हमी पाच वर्षांची. सौर पट्ट्या वीस-पंचवीस वर्षे चालतात. पण पंप चालविणारा कंट्रोलर म्हणजे बंद पेटी. तिचा नकाशा ना शेतकऱ्याजवळ, ना गावच्या वायरमनजवळ. प्लंजर निदान डोळ्यांना दिसत तरी होता!

पैसा सार्वजनिक असताना आराखडा खाजगी का राहावा? हमी संपल्यानंतर किमान दहा वर्षे सुटे भाग पुरविणे, कंट्रोलरचा नकाशा जवळच्या आयटीआयमध्ये ठेवणे, आणि उत्पादन बंद केल्यास तो सर्वांना खुला करणे, ही कलमे खरेदीच्या निविदेत घालण्यास नव्या कायद्याचीही गरज नाही. शासनाने ठरविले की पुरे. कुसुम योजनेतील सुरुवातीच्या पंपांची पाच वर्षे आता सरत आहेत. बारामती-इंदापूरच्या पाणीवापर संस्थांनी आणि ग्रामसभांनी या कलमांचे ठराव पुढचा उन्हाळा लागण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचविले पाहिजेत.