आरोग्याचा धडा शाळेत हवा

कंधार तालुक्यातील शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, मुलास शाळेत घातले की त्याला वाचता कधी येईल, हिशेब कधी येईल, हे आपण गुरुजींस विचारतो. जेवणापूर्वी तो साबणाने हात धुतो काय, हे कोणी विचारीत नाही.

१८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनला निवेदन दिले. निदान बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे आणि लेखन, वाचन, हिशेबाबरोबर शेती, नीती व आरोग्य यांचेही धडे द्यावेत, अशी मागणी त्यांनी केली. सक्तीचा केंद्रीय कायदा २००९ साली झाला. आरोग्याचा धडाही पुस्तकात आला, पण पुष्कळ ठिकाणी तो पुस्तकातच राहिला.

सोवळ्याओवळ्याचे खूळ आमच्या घरांत शिरले. स्वच्छता मात्र बाहेरच राहिली. माणसाच्या सावलीने कोणी आजारी पडत नाही. शौचाहून आल्यावर न धुतलेल्या हातांनी हगवण घरात येते. अनवाणी पायांतून अंकुशकृमी अंगात शिरतो, रक्त शोषतो, आणि आम्ही अशक्त मुलास आळशी म्हणतो! हगवण लागली की अंगारा लावतो. त्याऐवजी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे आणि मूल मलूल दिसताच दवाखाना गाठावा. एवढे चौथीच्या मुलासही शिकविता येते. ते घरी जाऊन आईस सांगेल.

शिक्षक बंधूंनी मध्यान्ह भोजनापूर्वी रोज सर्वांचे हात धुवून घ्यावेत, आठवड्यास नखे पाहावीत. वर्ग झाडण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावावी. झाडू केवळ मुलींच्या अथवा एखाद्या जातीच्या मुलांच्या हाती देणे हा शिक्षणाचा अपमान होय. गाडगेबाबांनी स्वतः खराटा घेऊन गावे झाडली. पहिली पाळी गुरुजींनी आपली लावावी.

पण शाळेचा नळच कोरडा असेल तर गुरुजी काय करतील? पिण्याचे पाणी आणि मुलामुलींची वेगळी शौचालये शाळेत असलीच पाहिजेत, असे २००९ चा कायदा सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात. तेव्हा एका दिवसाची मजुरी बुडेल म्हणून सभा टाळू नका. मूल आजारी पडले तर आठवड्याची बुडते. सभेस जा, पाणी मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा.