रंग चढला, चेहरा हरवला

परवा आमच्या टीव्हीचा मेन बोर्ड गेला. दुरुस्तीवाला घरी येऊन तो बदलून गेला. चित्र लख्ख दिसू लागले, मुले खूश!

रात्री सासूबाईंनी राजकुमारचा 'बंगारद मनुष्य' लावायला सांगितला. 1972 चा सिनेमा, त्यांना तोंडपाठ. पाचच मिनिटांत म्हणाल्या, "बण्ण सरि इल्लरी." रंग बरोबर नाहीत म्हणे! "अहो, चित्र सुधारलंय," मी हसण्यावारी नेले. त्या काही बोलल्या नाहीत, पण सिनेमा अर्ध्यावर टाकून उठल्या.

ते मनाला लागले. नीट पाहिले, तर शेते भडक हिरवी, राजकुमारचा चेहरा लालबुंद आणि चालणे मालिकेतल्यासारखे गुळगुळीत. आपण बसवलेली सेटिंग्ज जुन्या बोर्डाबरोबरच गेली होती. नवा बोर्ड दुकानात नजरेत भरणाऱ्या 'व्हिव्हिड' मोडवर होता. शिवाय सिनेमात सेकंदाला 24 चित्रे असतात. टीव्ही त्यांच्यामध्ये स्वतःच नवी चित्रे बनवून भरत होता. मेनूत जाऊन 'सिनेमा' मोड लावला, मोशनची सोय बंद केली.

दुसऱ्या रात्री सासूबाई पूर्ण सिनेमाभर बसल्या. मी म्हणालो, "तप्पु नंदे." चूक माझीच. त्या नुसत्या हसल्या.

वाचकहो, टीव्ही चालू आहे तोवर सेटिंग्जचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. बंद पडल्यावर मेनू उघडत नाही. आणि दुरुस्तीवाला दारात असतानाच घरातल्या वडीलधाऱ्यांना टीव्हीसमोर बसवा. पन्नास वर्षे ओळखीचा चेहरा बदलला, तर तो त्यांनाच आधी कळतो.