खांद्याला लागलेला मुलगा

मुलगा खांद्याला लागला की बाप सुखावतो आणि त्याच क्षणी धास्तावतोही. एरवी पराक्रमाची गीते तन्मयतेने म्हणणारा गृहस्थ चिरंजीवांना सात दिवसांच्या शिबिराला धाडताना दहावीचे कारण पुढे करतो. (हे कारण आठवीपासूनच सुरू होते!) शहाजीराजांनी १६४२च्या सुमारास बारा वर्षांच्या शिवबांना बंगळूरहून पुण्यास रवाना केले, तेव्हा जहागीर उजाड होती. सोबत जिजाऊ आणि अनुभवी कारभारी दिले. पित्याला काळजी नव्हती असे कोण म्हणेल? परंतु त्या काळजीने पुत्राची वाट अडवली नाही, वाटेची तजवीज केली. आजचा पिता शिकवणी, संगणक, भ्रमणध्वनी सारे पुरवतो. घरातील एखादी जबाबदारी मात्र मुलावर सोपवीत नाही. आजीचे औषधपाणी, निदान विजेचे देयक, एवढे तरी त्याच्याकडे द्यायला काय हरकत आहे?