फडके रोडवर आधी पाय, मग चाक

डोंबिवलीकरांना कुणी चौक बांधून दिला नाही. त्यांनी फडके रोडलाच चौक करून टाकले. दिवाळीच्या पहाटे तरुणाईने कुठे जमायचे, याची इथे दवंडी पिटावी लागत नाही. इथल्याच श्री गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने १९९९ मध्ये सुरू झालेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा पुढे राज्यभर अनुकरणाचा विषय ठरली. चाळी पडल्या, त्यांच्यासोबत ओटे आणि अंगणेही गेली. मग लोकलमधून उतरलेल्या माणसाला चार घटका उभे राहायला स्टेशनजवळचा हा रस्ताच उरला. लोकांची आवड इतकी स्पष्ट असताना नियोजनाच्या लेखी मात्र तो निव्वळ वाहनांचा मार्ग आहे. उत्सवापुरती गाड्यांना बंदी घालायची आणि दुसऱ्या दिवशी पादचाऱ्याला पुन्हा दुचाकींच्या रांगेतून वाट काढायला लावायची, हा शिरस्ता आता मोडावा.

वर्षातल्या दोन दिवसांसाठी रस्ता का बदलायचा, असे कुणी विचारेल. पण उत्सवात दिसते ती रोज संध्याकाळचीच गरज, फक्त मोठ्या आकारात. कोपनहेगनने १९६२ मध्ये स्ट्रॉगेट हा रस्ता पादचाऱ्यांना दिला, तेव्हा थंड देशातली माणसे रस्त्यावर रमणार नाहीत, असेच तिथे बजावले गेले होते. जागा मिळाली आणि माणसे रमली. पुण्यातही लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो. वर्षातून एकदाच होतो, ही त्याची मर्यादा. रुग्णवाहिका आणि रहिवाशांच्या वाहनांचा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी एक मार्गिका कायम मोकळी ठेवून केवळ संध्याकाळचे काही तास इतर वाहने थांबवता येतील.

याहून अवघड प्रश्न वेगळा आहे: आवड नेमकी कुणाची? स्वागतयात्रेतला समाज म्हणजे सगळी डोंबिवली नव्हे. इथे गुजराती, दाक्षिणात्य आणि उत्तर भारतीय घरे आहेत, पहाटे कामावर जाणाऱ्या बाया आहेत आणि ज्यांच्याकडून आपण भाजी घेतो ते फेरीवालेही आहेत. म्हणूनच महापालिकेने संस्कृतीच्या नावाने कमानी आणि शिल्पे उभारण्याच्या मोहात पडू नये. (तो मोह निवडणुकीआधी हमखास होतो.) सलग पदपथ, सावली, बाक आणि बायकांना वापरता येईल असे स्वच्छतागृह, एवढे आधी द्यावे. बाकावर बसणाऱ्याला जात-भाषा विचारली जात नाही. फेरीवाल्यांबाबत २०१४ चा कायदा सर्वेक्षण आणि जागानिश्चिती सांगतो. स्टेशनपासून १५० मीटरच्या न्यायालयीन मर्यादेबाहेर त्यांच्या जागा ठरवणे हे पालिकेचेच काम आहे. रस्ता पादचाऱ्यांना देण्याची सुरुवात एका शनिवारच्या संध्याकाळी, प्रयोग म्हणून करता येईल. त्यासाठी नव्या विकास आराखड्याची वाट पाहण्याचे कारण नाही.