रोबो खोक्यातून मुलांच्या हाती येऊ द्या



शाळेत रोबो आला की फोटो निघतात, पाहुणे टाळ्या वाजवतात आणि रोबो पुन्हा कपाटात जातो. मुकुंदवाडीत राहून चिकलठाणा एमआयडीसीत राबणाऱ्या कामगारांच्या मुलांचा हात त्याला किती वेळा लागतो, हा आमचा प्रश्न आहे.

२०१६ साली केंद्र सरकारने अटल टिंकरिंग लॅबची योजना सुरू केली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी निवडलेल्या शाळेला २० लाख रुपये, त्यांतले १० लाख उभारणीला व १० लाख पुढे चालवायला, अशी ती योजना. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा ५० हजार लॅब करण्याची घोषणा झाली. म्हणजे खोकी येतील. ती कशी असावीत, हे पालकांनीही बोलले पाहिजे.

हे अवघड शास्त्र नाही. काळ्या पट्टीवरून चालणारी छोटी गाडी घ्या. तिच्या पोटाखालचा सेन्सर न दिसणारा प्रकाश सोडतो. पांढऱ्या फरशीवरून तो परततो, काळ्या पट्टीत जिरतो. ‘डावा सेन्सर काळ्यावर आला तर डावीकडे वळ’ असे यंत्राला कळेल असे लिहिणे, हेच कोडिंग. वडिलांच्या कंपनीत पार्ट समोर आला की मशीन हलते, तेही याच रीतीने. म्हणून आमचा कामगार बाप या विषयात अडाणी नाही!

आता सुधारणा. पहिली, माहितीपुस्तिका सोप्या मराठीत हवी. दुसरी, किट बंद डबा नसावे. कडक उन्हात ही गाडी चुकते, कारण उन्हातही तोच न दिसणारा प्रकाश असतो. सेन्सरवरचा बारीक स्क्रू फिरवून मुलाला ती चूक स्वतः शोधता आली पाहिजे. तिसरी, वायर, मोटर, सेल शहरातल्या दुकानात सुटे मिळावेत. लेगो कंपनीने १९९८ साली आणलेले माइंडस्टॉर्म्स किट २०२२ मध्ये बंद केले. एकाच कंपनीच्या भागांवर अडून राहणे गरीब शाळेला परवडत नाही. उलट २००५ साली इटलीत निघालेल्या आर्डुइनो बोर्डाचा आराखडा सर्वांना खुला आहे, त्यामुळे तसा बोर्ड कोणीही बनवू शकतो.

चौथी सुधारणा सर्वांत मोठी. एका किटभोवती चाळीस मुले बसली तर पुढचा हुशार मुलगा बटण दाबतो, मुली आणि मागच्या बाकावरची मुले बघत राहतात. ब्रिटनमध्ये २०१६ साली अकरा-बारा वर्षांच्या सुमारे १० लाख मुलांना मायक्रोबिट हा छोटा बोर्ड फुकट दिला, प्रत्येकाला स्वतःचा. आपल्याकडे निदान तिघा-चौघांत एक किट आणि प्रत्येकाची पाळी, एवढे तरी व्हावे. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव गोणपाटावर वेगळे बसत आणि शिपाई नसला तर तहानलेले राहत. नळाला हात लावण्याची त्यांना मनाई होती. त्यांच्या लेकरांनी आज ज्ञानाच्या साधनाकडे लांबून बघावे काय?

मुलांना प्रश्नही आपल्या वस्तीचे द्यावेत. २०१९ साली मुकुंदवाडीची मुले पाण्यासाठी रेल्वेने औरंगाबाद स्टेशनपर्यंत जात, ही बातमी परदेशातही छापून आली. टाकी भरताच घंटा वाजवणारे साधे यंत्र त्यांनी केले तर कोडिंग घरच्या कामी येईल.

बंधू-भगिनींनो, येत्या पालकसभेत एवढेच विचारा : आमच्या मुलीच्या हाती किट महिन्यातून किती तास येते? आयटीआय, डिप्लोमा झालेल्या तरुणांनी रविवारी विहारात दोन तास द्यावेत. एक बोर्ड, दोन मोटरी आणि चार मुले जमली तरी सुरुवात होते.

जयभीम!