वहीच्या मागच्या पानावर



कपाशीवरची गुलाबी बोंडअळी पाहायला काटोलकडच्या एका गावी गेलो होतो. ओसरीवर बसलो, तर घरधनी पोरावर तापलेले. त्याने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर शाईच्या पेनाने चित्र काढले होते. आजी कापूस वेचते आहे, कमरेला ओटी, पाठ वाकलेली. पाठीची एकच रेघ, पण म्हातारी लगेच ओळखू आली.

"यानं पोट भरते का जी साहेब?" घरधन्याने विचारले.

मी त्यांना गोव्याच्या मारियो मिरांडा यांची गोष्ट सांगितली. जन्म १९२६ चा. लहानपणी घरच्या भिंतींवर चित्रे काढत, म्हणून आईने रागावण्याऐवजी कोरी वही आणून दिली. चित्रकलेचे रीतसर शिक्षण नव्हते. तरुणपणी ते रोजनिशी लिहिण्याबरोबर चित्रांतूनही काढत. गावातली लग्ने, बाजार, शेजारीपाजारी, कुत्री, सगळे त्यात आले. १९४९ ते १९५१ च्या त्या वह्या पुढे पुस्तकरूपाने निघाल्या. २०११ साली ते वारले. २०१२ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

असे चित्र पाहावे कसे? आपण वावर पाहतो तसे. धुऱ्यावरून नजर टाकून पीक कळत नाही. तासातासाने फिरावे लागते, पान उलटून पाहावे लागते. चित्रही एका कोपऱ्यापासून सावकाश पाहावे. कोण कुठे उभा आहे, कोणाकडे बघतो आहे, हातात काय आहे? शाईची रेघ पुसता येत नाही. बैलाचे वशिंड एका रेघेत काढायचे, तर तो बैल आधी डोळ्यांत पक्का बसलेला हवा. म्हणून साधे चित्र सोपे नसते.

आणखी एक. मोट गेली, बैलबंडीही कमी होत चालली. फोटो आपण लग्नात, तान्ह्या पोळ्याला काढतो. रोजच्या कामाचा कोण काढतो?

निघताना घरधन्यानेच वही आत नेऊन म्हातारीला दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "माही पाठ एवढी वाकली का रे?" घरधनी काही बोलले नाहीत. कापसाचे गाठोडे मात्र त्यांनी स्वतः उचलून आत ठेवले.

घरात चित्र काढणारे लेकरू असेल, तर पुढच्या बाजाराला एक कोरी वही आणा. चित्राखाली तारीख घालायला सांगा.